दोन दिवसांचं खोटं

"नमुना घ्यायला आलेय," बांधावर उभी राहून राजेश्वरी म्हणाली.

खाचरात उकिडवा बसलेला तरुण वळला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, हातातल्या रजिस्टरकडे पाहिलं आणि "आलात एकदाच्या" असं म्हणत लगबगीनं उठला. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून तिच्यात त्यानं दोन मुठी माती भरली, गाठ मारली आणि अगदी अदबीनं तिच्यापुढे धरली.

"हे काय?"

"नमुना. जिथं रोपं जळालीत, तिथलीच माती आहे."

"पण मला रक्ताचा हवाय."

तो क्षणभर बघतच राहिला. "कृषी खातं आता रक्तपण तपासतं?"

राजेश्वरीनं ओठ घट्ट मिटले. हसू फुटलं की तिला आवरत नसे, आणि नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात, परक्या गावात, भर शेतात असं हसणं बरं दिसलं नसतं. "मी आरोग्य उपकेंद्रातून आलेय," ती म्हणाली. "घरोघर तापाचे पेशंट शोधतेय. तुम्ही निलेश ना?"

"निलेश पलीकडच्या घरातला. तो झोपलाय तापानं. मी समर्थ, रखमाजींचा मुलगा. मला नुसताच डोक्याला ताप."

आता मात्र ती हसली. तोही हसला, पण त्याचं हसू लगेच विरलं. तिनं त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. सगळा वाफा पिवळा पडला होता. जुलैचा दुसरा आठवडा, कुसगावच्या मागच्या डोंगराआडचं हे धामणवाडी गाव, आणि बारा दिवसांत पावसाचा एक थेंब नाही. या दिवसांत इथं समोरचा माणूस दिसू नये इतकं धुकं असायचं म्हणे. आता ऊन पाठ भाजून काढत होतं. बायकांनी पाण्याचे ड्रम, हंडे, बादल्या भरून ठेवल्या होत्या आणि त्या साठवणीत डास वाढत होते. म्हणून तर राजेश्वरी दारोदार फिरत होती.

"पंचनाम्याला येणार होते कुणीतरी. आठवडा झाला," समर्थ म्हणाला. "तुमचं रजिस्टर बघून वाटलं..."

"सॉरी."

"तुम्ही कशाला सॉरी? तुम्ही पाऊस थोडाच अडवलाय?"

ती जायला वळली आणि थबकली. वरच्या अंगाला, टेकाडाजवळ, अर्ध्या एकराचा एक तुकडा हिरवागार होता. लांब गादीसारखे उंच वाफे, मध्ये चर, आणि वाफ्यांवर भाताची वीतभर रोपं.

"ते नाही जळलं?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. पुण्याला शेतीचं शिक्षण घेऊन आलेला समर्थ आपल्या या तुकड्याबद्दल कुणी विचारावं म्हणून वाटच बघत असावा. "ते टोकणीचं आहे. चिखल करायचा नाही, रोपं उपटून पुन्हा लावायची नाहीत. वाफ्यावर थेट बी टोकायचं. मुळं खोल जातात, म्हणून पावसानं ताण दिला तरी तग धरतात. आणि धो धो आला, तर पाणी चरातून निघून जातं." मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "आबा म्हणतात, ही भाताची थट्टा चाललीय. त्यांच्या लेखी भात म्हणजे चिखल."

राजेश्वरी त्या वाफ्यांकडे बघत राहिली. तिच्या मनात भलताच विचार चालला होता. "म्हणजे इथं बायकांना दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहावं लागत नाही?"

"नाही. का?"

"उंदराची लघवी त्या पाण्यात मिसळते. पायाला चीर असली की तिथून आजार अंगात जातो. लेप्टो. गेल्या वर्षी वरच्या वाडीतली दोन माणसं गेली त्यानं, माझ्या आधीच्या सिस्टरनी सांगितलं." तिनं पिशवी सावरली. "तुमचा हा भात माझं अर्धं काम कमी करील."

एवढं बोलून ती निघाली. पण बांधाच्या टोकाला पोचेपर्यंत तिला पाठीवर त्याची नजर जाणवत राहिली... आणि तिला ती टोचली नाही.

त्यानंतर काही ना काही निमित्त निघतच गेलं. समर्थ आपल्या वाफ्यांचे फोटो पाठवायचा. राजेश्वरी उत्तरादाखल ड्रमातल्या अळ्यांचे फोटो पाठवायची. "काय रोमँटिक फोटो आहे," तो लिहायचा. "कापडानं झाका ड्रम," ती लिहायची. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच गावातल्या वीस घरांच्या ड्रमांना जुनी कापडं बांधून यायचा आणि उपकेंद्राच्या दारात उभा राहून म्हणायचा, "हजेरी लावायला आलोय."

दोघांनी मिळून एक बेत आखला होता. पुढच्या वर्षी वाडीतल्या पाच घरांना टोकणीसाठी तयार करायचं, आणि या वर्षी लावणीआधी चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याला लेप्टोवरची एक गोळी द्यायची. समर्थ जमिनीचा हिशेब मांडायचा, राजेश्वरी माणसांचा. बोलता बोलता उपकेंद्राच्या पायरीवर दोन-दोन तास जायचे.

"तुम्ही सोमाटण्याहून रोज येता," एकदा तो म्हणाला. "कंटाळा नाही येत?"

"येतो. सोमवारी."

"आणि बाकीचे दिवस?"

ती रजिस्टरात काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "बाकीचे दिवस तुम्ही असता..." आणि आपण काय बोललो ते उमजून तिनं घाईघाईनं पान उलटलं. पान कोरंच होतं.

गोळीचं मात्र काही जमेना. वरच्या वाडीतली हिरी, रखमाजींच्या शेतावर वर्षानुवर्षं राबणारी, हातात गोळी घेऊन बघत बसायची आणि परत करायची. "उपाशीपोटी घेतली का पोटात ढवळतं, म्याडम. येक दिस बुडला तर मजुरी कोन दील?" आणि खुद्द रखमाजी तर हसले होते. "साठ वर्सं चिखलात गेली माजी. उंदीर माज्या बापाच्या वक्ताला बी व्हतंच की."

वीस तारखेनंतर पाऊस असा कोसळला की तीन आठवड्यांची उधारी त्यानं तीन दिवसांत फेडली. ओढे फुगले, खाचरं तुडुंब भरली. दुसऱ्यांदा पेरलेली रोपं कशीबशी लावणीला आली होती, आणि आता सगळ्या गावाला एकाच आठवड्यात लावणी उरकायची होती. रोपं जून झाली तर फुटवे धरत नाहीत, म्हणून रखमाजी स्वतः पहाटेपासून चिखलात उभे असायचे.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला राजेश्वरी शेतावर गेली तेव्हा त्यांच्या खाचरात बारा बायका वाकल्या होत्या. रखमाजी कुठं दिसत नव्हते.

"आबा कुठायत?" तिनं समर्थला विचारलं.

"घरी. जरा... दमलेत."

"ताप?"

पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून ओघळत होतं. "न्हाई," तो म्हणाला. "ताप न्हाई. नुसते दमलेत."

तिच्याशी बोलताना तो असा गावाकडचा 'न्हाई' कधी म्हणायचा नाही. ते तिच्या कानाला खटकलं. पण तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्या डोळ्यांवर तिचा विश्वास होता. ती पुढच्या घरी गेली.

तीन तारखेच्या सकाळी हिरी धावत उपकेंद्रात आली. चिखलानं माखलेले पाय तिनं उंबऱ्याबाहेरच ठेवले.

"म्याडम, म्या सांगितलं म्हनू नगा. मालकीनबाई जाऊन वर्सं झाली, घरात बाप-ल्योक दोगंच. म्या च्या घिऊन गेलते... आबाचं डोळं हळदीवानी झाल्यात. पोटऱ्या धरून वरडतंय."

राजेश्वरी पिशवी उचलून धावली.

रखमाजी घोंगडीत पडले होते. डोळे पिवळे, त्यात लाल शिरा. पोटऱ्यांना नुसता हात लावला तरी कळवळत होते. "लघवी कधी झाली?" तिनं विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं. दाराशी उभा असलेला समर्थ हलक्या आवाजात म्हणाला, "काल दुपारी. थोडीशी."

"ताप कधीपासून आहे?"

"...तीस तारखेपासून."

राजेश्वरी त्याच्याकडे बघत राहिली. परवा बांधावर याच माणसानं याच तोंडानं...

"आबांनी शपथ घातली होती," तो म्हणाला. "लावणीचे दोनच दिवस राहिलेत, तोवर कुणाला सांगू नको म्हणाले. मला वाटलं, साधा ताप असेल."

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा पडला. "गावात दुसऱ्या कुणाला नसेल, तुम्हाला माहीत होतं. मी स्वतः सांगितलं होतं."

तिला पुढचं ऐकायला वेळ नव्हता. तिनं फोन करून प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांच्या सांगण्यावरून पहिलं इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्स मागवली. दहा मिनिटांत उलट फोन आला. ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेला होता, गाडी पलीकडेच थांबणार होती.

"ट्रॅक्टर काढतो," समर्थ म्हणाला. "ट्रॉलीत घालून नेऊ पाण्यातून."

"नाही."

"दुसरा रस्ता नाही, राजेश्वरी."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. एरवी तिला ती दिवसभर पुरली असती. "पाणी किती आहे ते दिसत तरी आहे का? पाच माणसं एकदम जातील. मी एकाही पेशंटला त्या पाण्यात घालणार नाही."

दारासमोर अंगणात हिरीचा नवरा नवशा येऊन उभा होता. तो कधी फारसं बोलत नसे. "डोंगरावरनं वाट हाय," तो म्हणाला. "आमी कुसगावच्या बाजाराला तितनंच जातो. डोली करू. गाडीला वरल्या सडकंवर बोलवा."

दोन बांबू, एक जाड चादर. नवशा आणि वाडीतला एक गडी पुढे, समर्थ आणि पलीकडच्या घरातला, तापातून उठलेला निलेश मागे. राजेश्वरी बाजूनं चालत होती, तिची बोटं रखमाजींच्या मनगटावर. ज्या माणसाच्या घराची पायरी नवशा कधी चढला नव्हता, त्याला आज नवशाच्याच खांद्यावर निजून डोंगर चढायचा होता. चादरीतून रखमाजींचा कण्हण्याचा आवाज येत होता. मध्येच ते पुटपुटले, "नवशा... जड व्हतंय का रं?" नवशानं मागे न बघता म्हटलं, "गप पडा, आबा."

अर्ध्या वाटेवर दरड होती. लाल माती खाली घसरून वाट हातभर उरली होती आणि तिच्यावरून पाणी वाहत होतं. पुढचे दोघे अनवाणी होते, त्यांनी अंगठे रोवत ती पार केली. समर्थनं पाऊल टाकलं आणि त्याच्या पायाखालची माती सरकली. तो एका गुडघ्यावर आदळला. दुसरा पाय कडेवरून खाली लोंबला. खांद्यावरचा बांबू त्यानं सोडला नाही. चादर तिरकी झाली, निलेशनं ओरडून भार आपल्याकडे ओढला, नवशानं पुढून ताण धरला, आणि समर्थ दात-ओठ खात, बांबूसकट, इंच इंच करत उभा राहिला.

राजेश्वरीला त्यानंतरचं नीट आठवत नाही. सडक आली, गाडी उभी होती, एवढंच. गाडीचं दार लागताना समर्थनं तिच्याकडे पाहिलं. गुडघ्यातून रक्त येत होतं. तिनं पिशवीतून पट्टी काढून त्याच्या हातात ठेवली आणि तोंड फिरवून रखमाजींच्या शेजारी जाऊन बसली.

अकरा दिवस रखमाजी तळेगावच्या बाजूच्या एका इस्पितळात होते. चार वेळा डायलिसिस झालं. पहिले पाच दिवस डॉक्टर काहीच नक्की सांगत नव्हते. राजेश्वरी रोज संध्याकाळी घरी जाताना तिथं डोकवायची, नर्सकडे चौकशी करायची आणि बाकावर बसलेल्या समर्थशी एक शब्दही न बोलता निघून जायची. तो उठून उभा राहायचा. ती निघून गेली की पुन्हा बसायचा. सहाव्या दिवशी रखमाजींना लघवी सुटू लागली. त्या संध्याकाळी ती त्याच्यासमोर थांबली, "आता धोका टळलाय," म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी दिसताच भरभर जिना उतरून गेली. थांबली असती तर तिचा राग टिकला नसता.

आबांच्या खाचरांतली उरलेली लावणी राहिलीच. रोपं वाफ्यातच जून झाली. समर्थचा टोकणीचा तुकडा तेवढा वाऱ्यावर डुलत होता.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून पुढं ढकलली होती. ती आठवड्यानं शाळेच्या वर्गात भरली. राजेश्वरी गोळ्यांविषयी बोलायला उभी राहिली. "लावणी संपली, पण बेणणी आहे," ती सांगत होती. "तण काढायला पुन्हा त्याच पाण्यात उतरायचंय..." लोक मोबाईल बघत होते. बायका भिंतीला टेकून गप्प होत्या. मागच्या बाकावर रखमाजी बसले होते, निम्मे झालेले, कानाला मफलर.

समर्थ उठला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. "माझ्या वडलांना तीस तारखेला ताप आला. सिस्टरनी एक तारखेला मला तोंडावर विचारलं, ताप आहे का? मी नाही म्हणालो. लावणी थांबली असती म्हणून. हा आजार काय असतो, ते गावात सगळ्यात जास्त मला माहीत होतं. तरी मी खोटं बोललो. त्या दोन दिवसांत आबांची किडनी बंद पडली. आबा वाचले ते सिस्टरमुळं, आणि नवशा, हिरी, निलेश यांच्यामुळं. माझ्यामुळं नाही." तो थांबला. "त्याच चिखलात त्या दिवशी बारा बाया उभ्या होत्या. त्यांनापण मी सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो."

वर्गात कुणी हललं नाही. मालकाच्या मुलानं मजुरांची माफी मागावी, असं या गावात घडलं नव्हतं. मग मागून खोकल्याचा आवाज आला. रखमाजी बाकाला धरून उभे राहिले.

"शपत म्या घातलीती," ते म्हणाले. "त्येचं येकट्याचं न्हाई." त्यांनी दम घेतला. "हिरे, तू गोळी का घेत न्हाईस?"

हिरी पदर सावरत म्हणाली, "उपाशीपोटी सोसत न्हाई, आबा. कामावर आदी भाकर द्या, मंग घिऊ."

"दिली. माज्या वावरात आदी न्याहरी, मंग गोळी, मंग चिखल." ते खाली बसता बसता मुलाकडे न बघताच म्हणाले, "आन वरली दोन एकरं फुडल्या साली तुज्या त्या गाद्यांस्नी घे. बगू."

सभा संपली तेव्हा राजेश्वरीच्या रजिस्टरात गोळीसाठी एकतीस नावं होती. हिरीचं पहिलं.

बाहेर पावसानं उघडीप दिली होती. औषधांची पेटी घेऊन ती वाडीकडं निघाली. शाळेच्या कुंपणापाशी समर्थ उभा होता, जरासा लंगडा.

"गुडघा?"

"बरा आहे," तो म्हणाला. मग लगेच, "नाही. दुखतो."

तिच्या ओठांच्या कडा हलल्या. दोघं वाडीच्या वाटेला लागली.

"अजून राग आहे?"

"आहेच. पण सगळा राग तुमच्यावर नाही." तिनं पेटी या हातातून त्या हातात घेतली. "तुमचा पाय सरकला ना दरडीवर... माझी बोटं आबांच्या नाडीवर होती. मी मोजत होते. आणि मोजायची थांबले. किती वेळ, मला माहीत नाही. पेशंट चादरीत लटकत होता आणि मी तुमच्याकडे बघत होते. अशी चूक मी आजवर कधी केली नव्हती."

तो थांबला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. कानशिलं मात्र लाल झाली होती.

"ही चूक रजिस्टरात कुठं लिहिलीय का तुम्ही?"

"नाही."

"मग लिहू नका... माझ्यापाशी राहू द्या."

खाचरांतून बेडकांचा आवाज येत होता, आणि तिचं काळीज इतक्या जोरात वाजत होतं की तोही ऐकत असेल असं तिला वाटलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "खरं उत्तर द्याल? मला मागायचा हक्क नाही, तरी."

"विचारा."

"मी सोमाटण्याला येऊ? तुमच्या आईला भेटायला."

राजेश्वरीनं त्याच्याकडे पाहिलं. तेच डोळे, ज्यांच्यावर तिनं एकदा विश्वास टाकला होता आणि फसली होती. तिनं बराच वेळ पाहिलं. तो नजर न चुकवता उभा राहिला.

"रविवारी आई घरी असते," ती हळूच म्हणाली. "पण आई खोदून खोदून विचारते. जे विचारील ते खरं सांगायचं."

"आबांच्या तापाचंपण?"

"ते सगळ्यात आधी."

"बरं," तो म्हणाला आणि तिच्या हातातली पेटी घेऊन वाडीची चढण लंगडत चढू लागला. ती दोन पावलं मागे राहिली, मग भरभर चालून त्याच्या बरोबरीला आली.